मॅजिक: द गॅदरिंग – कार्ड कसं पारखायचं आणि डेक कसा बांधायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला आणि विझर्ड्स ऑफ द कोस्टने १९९३ साली बाजारात आणलेला हा खेळ ज्यांना खेळता येतो, पण स्वतः बांधलेला डेक घेऊन बसलं की हार ठरलेली, त्यांच्यासाठी. लँड टॅप करून मॅना मिळतो, सुरुवातीला २० लाइफ आणि हातात ७ कार्डं असतात, एवढं माहीत आहे असं धरलं आहे. फॉरमॅट सांगितला नसेल तिथे ६० कार्डांचा डेक समजा. शक्यतेचे आकडे मलिगन (सुरुवातीचा हात परत करून नवा उचलणं) न धरता काढले आहेत.

नवं कार्ड हातात आलं की आधी काय बघायचं?

उजवीकडचा वरचा कोपरा, म्हणजे मॅनाची किंमत. चित्र आणि मजकूर नंतर. किती मॅनाला काय मिळतं याची काही मापं पाठ असली की अर्धी पारख तिथेच होते:

- दोन मॅनाला २/२ क्रीचर, म्हणजे मारा २ आणि सहनशक्ती २ (ग्रिझली बेअर्स). ही फार जुनी पातळी. आज दोन मॅनाच्या २/२ ला वर काहीतरी गुण नसेल तर तो घेऊ नये.
- एका मॅनाला २ डॅमेज (शॉक), दोन मॅनाला ३ डॅमेज (लाइटनिंग स्ट्राइक). म्हणूनच एका मॅनाला ३ डॅमेज देणारं लाइटनिंग बोल्ट इतकी वर्षं खेळलं जातंय.
- तीन मॅनाला दोन कार्डं उचलणं (डिव्हिनेशन).
- दोन मॅनाला जवळपास कोणताही एक क्रीचर मारणं (गो फॉर द थ्रोट).
- चार मॅनाला सगळे क्रीचर साफ (राथ ऑफ गॉड).

नवं कार्ड या मापांशेजारी ठेवा. मापापेक्षा स्वस्त असेल तर का स्वस्त आहे ते शोधा. कुठेतरी अट असणारच. मापापेक्षा महाग असेल तर तो जादा मॅना कशाचा घेतला आहे ते बघा, आणि ती गोष्ट तुमच्या डेकला हवी आहे का हे स्वतःला विचारा. इन्स्टंट आणि सॉर्सरी यांतला फरकही किमतीत धरायचा. इन्स्टंट प्रतिस्पर्ध्याच्या टर्नमध्येही खेळता येतं, ही मोठी गोष्ट आहे.

किंमत सारखी असेल तर ताकदही सारखी असते का?

मुळीच नाही. पहिल्याच संचातली पाच कार्डं याचं उत्तम उदाहरण आहेत. पाच रंग, प्रत्येकी एक मॅना, आणि प्रत्येकात ‘तीन’ काहीतरी: निळ्यात अँसेस्ट्रल रिकॉल (३ कार्डं उचला), काळ्यात डार्क रिच्युअल (३ मॅना), लालमध्ये लाइटनिंग बोल्ट (३ डॅमेज), हिरव्यात जायंट ग्रोथ (क्रीचरला टर्नपुरतं +३/+३), पांढऱ्यात हीलिंग साल्व्ह (३ लाइफ मिळवा किंवा ३ डॅमेज टाळा).

कागदावर समतोल दिसतो. प्रत्यक्षात अँसेस्ट्रल रिकॉल इतकं जबरदस्त आहे की जवळपास सगळी जुनी कार्डं चालणाऱ्या व्हिंटेज फॉरमॅटमध्येसुद्धा एकच प्रत ठेवता येते, आणि हीलिंग साल्व्हला कुणी हात लावत नाही. तीन कार्डं म्हणजे पुढचे तीन निर्णय. तीन मॅना म्हणजे दोन टर्नची उडी. तीन डॅमेज म्हणजे एक क्रीचर मारणं किंवा शेवटचा घाव. तीन लाइफ मात्र टेबलावर काहीच बदलत नाही: समोरचा ३/३ क्रीचर पुढच्या टर्नला पुन्हा येतो आणि तुमच्या हातातलं एक कार्ड संपलेलं असतं.

मग लाइफ वाढवणारी सगळी कार्डं वाईट?

नुसतं लाइफ देणारी, बहुतेक हो. लाइटनिंग हेलिक्स दोन मॅनाला ३ डॅमेज देतं आणि ३ लाइफही देतं. तिथे क्रीचर मरतो आणि लाइफ फुकट पदरात पडते. लाइफ जोडपाहुणी म्हणून यावी.

याची दुसरी बाजूही आहे. लाइफ हे खर्च करायचं चलन आहे. २० पैकी शेवटचं १ शिल्लक असेपर्यंत तुम्ही हरलेले नसता. १९९५ च्या आइस एज संचातलं नेक्रोपोटेन्स वाचताना अनेकांना ते शिक्षा वाटलं: नेहमीचं कार्ड उचलणं बंद, आणि वर प्रत्येक कार्डामागे एक लाइफ द्या. पण तीन काळ्या मॅनात दर टर्नला हवी तितकी कार्डं मिळत होती. १९९६ साली स्पर्धांमध्ये त्याने इतका धुमाकूळ घातला की तो काळ ‘ब्लॅक समर’ या नावाने ओळखला जातो.

तोटा दिसला की कार्ड बाजूला ठेवतो. चूक आहे का?

तोटा कोणाला, हे आधी बघा. डार्कस्टील संचातलं स्कलक्लॅम्प हे एक मॅनाचं इक्विपमेंट. क्रीचरला +१/−१ करतं, आणि तो क्रीचर मेला की तुम्ही दोन कार्डं उचलता. लावायला पुन्हा एक मॅना. ‘−१’ वाचून तो दोष वाटतो. पण १/१ क्रीचरला लावलं की तो लगेच मरतो, म्हणजे एका मॅनाला दोन कार्डं, तीही पुन्हा पुन्हा. २००४ मध्येच त्यावर स्टँडर्ड (फक्त अलीकडच्या संचांचा फॉरमॅट) मध्ये बंदी आली. ‘त्याग करा’, ‘टाकून द्या’, ‘मरेल’ हे शब्द दिसले की आधी हा विचार करा: हे घडावं असंच मला वाटेल, असा डेक बांधता येईल का?

‘हे जमलं तर डाव तिथेच संपतो’ असं कार्ड ठेवावं की नाही?

नवख्या डेकमध्ये सगळ्यात जास्त जागा हीच कार्डं खातात. प्रत्येक कार्डाला तीन प्रसंगांत उभं करून बघा:

१. तुम्ही पुढे आहात. हे कार्ड उचललं. काय होतं?
२. बरोबरी आहे, दोघांचे हात रिकामे. आता?
३. तुम्ही मागे आहात. समोर तीन क्रीचर, तुमच्याकडे काही नाही, ८ लाइफ. आता?

फक्त पहिल्या प्रसंगात चमकणारं कार्ड काढून टाका. जिंकत असलेला डाव आणखी थाटात जिंकायला मदत करणारी ही कार्डं सरावात फार गोड वाटतात, कारण ती चाललेले डावच लक्षात राहतात. हातात पडून सडलेली दिसत नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रसंगात काम करणारं कार्ड थोडं कंटाळवाणं असलं तरी ठेवा.

दोन-तीन कार्डं एकत्र आली तरच चालणाऱ्या जोड्यांचाही हिशोब करा. एका कार्डाच्या चार प्रती असल्या तरी दहा कार्डं बघून ते हाती येण्याची शक्यता ५३% असते. दोन ठरावीक कार्डं हवी असतील तर ती साधारण निम्म्यावर येते, आणि तिसरं कार्ड लागलं की आणखी खाली जाते. म्हणून जोडीतलं प्रत्येक कार्ड एकटं असतानाही काहीतरी करणारं हवं. शुद्ध काँबो डेकची गोष्ट वेगळी. तिथे अर्धा डेक कार्डं शोधण्यातच खर्च होतो.

कार्ड अॅडव्हांटेज म्हणजे नक्की काय मोजायचं?

तुमची किती कार्डं गेली आणि समोरच्याची किती गेली, किंवा तुम्हाला नवी किती मिळाली. डिव्हिनेशन: एक गेलं, दोन आली, म्हणजे +१. राथ ऑफ गॉडने समोरचे तीन क्रीचर मारले आणि तुमचा एकही नव्हता, म्हणजे +२. एल्व्हिश व्हिजनरी (दोन मॅना, १/१, आल्यावर एक कार्ड उचला) स्वतःची भरपाई करून येते आणि वर अंगावर घाव घ्यायला एक शरीर मिळतं.

उलटा हिशोब ऑराचा, म्हणजे क्रीचरला चिकटून राहणाऱ्या कार्डाचा. क्रीचरवर ऑरा लावायला गेलात आणि समोरच्याने त्याच क्षणी क्रीचर मारला, तर तुमची दोन कार्डं गेली, त्याचं एक. म्हणून ऑरा घ्यायचाच असेल तर तो एक तर आल्या आल्या कार्ड देणारा असावा, नाहीतर सहज मारता न येणाऱ्या क्रीचरवर बसणारा.

ही मोजणी ब्रायन वाइसमन यांच्या ‘द डेक’ नावाच्या कंट्रोल (समोरच्याचं सगळं रोखून डाव लांबवणाऱ्या) डेकमुळे नव्वदच्या दशकाच्या मध्यात सर्वतोमुखी झाली. ती खरी आहे, पण अर्धीच.

उरलेलं अर्धं काय?

वेळ, म्हणजेच टेंपो. समोरच्याने पाचव्या टर्नला पाच मॅनाचा क्रीचर आणला आणि तुम्ही दोन मॅनात तो मारला. कार्डांचा हिशोब एकास एक. मॅनाचा हिशोब मात्र तीनने तुमच्या बाजूने, आणि त्या तीन मॅनात तुम्ही त्याच टर्नला आणखी काही टेबलावर आणलंत. अनसमन या कार्डाने क्रीचर हातात परत पाठवणं तर कार्डांच्या हिशोबात निव्वळ तोटा, तरी आक्रमक डेकमध्ये तो एक टर्न पुरतो.

ढोबळ नियम असा: डाव लांबला की कार्डं जिंकतात, डाव छोटा असेल तर टेंपो. तुमचा डेक सातव्या टर्नच्या आत संपवणारा असेल तर डिव्हिनेशनला त्यात जागा नाही, कितीही +१ असलं तरी. मॅना वापरलाच नाही तर तो वाया जातो, म्हणून दर टर्नला सगळा मॅना खर्च होणारा डेक चांगल्या कार्डांच्या पण अडखळणाऱ्या डेकला मारतो.

दुर्मिळ आणि महाग कार्ड म्हणजे चांगलं कार्ड का?

नाही. लाइटनिंग बोल्ट १९९३ मध्ये कॉमन होतं. फक्त कॉमन कार्डांचा पॉपर हा अख्खा फॉरमॅट आहे आणि तो कमालीचा धारदार आहे. मिथिक रेअर ही सगळ्यात दुर्मिळ पातळी २००८ मध्ये आली, आणि तीत फक्त जोरदार कार्डंच असतात असं समजू नका. पुष्कळदा ती नुसती मोठी आणि दिखाऊ असतात.

बाजारभाव पुरवठा आणि मागणीवर ठरतो. १९९६ मध्ये जाहीर झालेल्या रिझर्व्हड लिस्टमधली कार्डं पुन्हा छापायची नाहीत असं कंपनीने ठरवलं, म्हणून त्यांतल्या काही सुमार कार्डांनाही भाव आहे.

डेकमध्ये ६० च का? ६४ ठेवली तर काय बिघडतं?

नियम ‘किमान ६०’ असा आहे. प्रत्येक जादा कार्ड तुमच्या सर्वोत्तम कार्डांपासून तुम्हाला थोडं लांब नेतं. चार प्रती असलेलं कार्ड पहिल्या सात कार्डांत असण्याची शक्यता ६० च्या डेकमध्ये ३९.९%, ६१ मध्ये ३९.४%, ८० मध्ये ३१.२%. एका कार्डाने फारसं बिघडत नाही हे खरं. पण एकसष्टावं कार्ड बहुधा निर्णय टाळण्यासाठी आलेलं असतं. साठावं आणि एकसष्टावं यांत कुठलं कमकुवत हे सांगता येत नसेल, तर दोन्ही आणखी तपासायला हवीत.

कोणत्या कार्डाच्या किती प्रती?

पहिल्या ७ कार्डांत किमान एक प्रत दिसण्याची शक्यता: ४ प्रती ४०%, ३ प्रती ३२%, २ प्रती २२%, १ प्रत १२%. डाव सुरू करणाऱ्याने चौथ्या टर्नपर्यंत १० कार्डं बघितलेली असतात. तेव्हा हेच आकडे ५३, ४३, ३१ आणि १७%.

- चार: दर डावात हवं, दोन आली तरी चालतात. स्वस्त क्रीचर, स्वस्त रिमूव्हल (समोरचा क्रीचर काढून टाकणारी कार्डं).
- तीन: हवं, पण सुरुवातीच्या हातात दोन नकोत. चार-पाच मॅनाची कार्डं आणि बरीचशी लेजंडरी इथे बसतात, कारण एकाच नावाचं दुसरं लेजंडरी टेबलावर टिकत नाही.
- दोन: लांबलेल्या डावात एकदा हवं. सहा-सात मॅनाचा शेवटचा घाव.
- एक: शोधून आणायची सोय असेल तर, किंवा सारख्याच कामाच्या कार्डांची मिसळ करताना.

हवी ती गोष्ट फक्त चार प्रतींत पुरत नसेल तर तेच काम करणारं दुसरं कार्ड शोधा. पहिल्या टर्नला मॅना देणारे एल्व्ह हवे असतील तर लानोवार एल्व्ज चार आणि त्यांच्यासारखे आणखी चार. आठ झाले की पहिल्या सात कार्डांत एक तरी असण्याची शक्यता ६५%.

‘प्रत्येकी एक-एक छान कार्ड’ असा ३६ वेगळ्या कार्डांचा डेक ही सगळ्यात नेहमीची चूक. असा डेक दर डावाला वेगळा खेळतो, आणि मग कोणतं कार्ड काढावं हे कधीच कळत नाही.

लँड किती ठेवायच्या?

२४ पासून सुरुवात करा आणि मग हलवा. स्पेलची सरासरी किंमत दोनच्या आसपास किंवा खाली असलेला आक्रमक डेक: २० ते २२. अडीचच्या आसपासचा मिडरेंज, म्हणजे आक्रमक आणि कंट्रोल यांच्या मधला: २४, कधी २५. चार मॅनाचा स्वीपर (सगळे क्रीचर साफ करणारं कार्ड) आणि सहा मॅनाचा शेवट असलेला कंट्रोल: २६, कधी २७.

२४ लँड असताना पहिल्या ७ कार्डांत २ ते ४ लँड येण्याची शक्यता ७७%, शून्य किंवा एकच येण्याची १४%, पाच किंवा जास्तीची ८%. म्हणजे ‘मला नेहमी लँड येत नाहीत’ ही तक्रार साधारण सात हातांमागे एका हाताला खरीच असते, डेक कितीही नीट बांधला तरी. २० लँडवर तोच धोका २५% होतो, जास्तीचा धोका ३.६% वर उतरतो. आक्रमक डेकला ते परवडतं, कारण तो दोन लँडवरही खेळत राहतो.

डाव तुम्ही सुरू करताना चौथ्या टर्नला चौथी लँड हवीच असेल तर २४ लँडवर शक्यता ६३%, २६ वर ७२%. राथ ऑफ गॉड वेळेवर पडायला हवं असणाऱ्यांनी हे दोन आकडे भिंतीवर लावावेत.

दोन गफलती वारंवार दिसतात. पहिली: छान कार्ड बसवायला जागा नाही म्हणून एक लँड काढायची, मग आणखी एक. कापायचं तर स्पेल कापा. दुसरी: चार एल्व्ह आहेत म्हणून चार लँड कमी करायच्या. एल्व्ह मरतात, लँड सहसा मरत नाहीत, आणि पहिला एल्व्ह खेळायलाही लँड लागते. तीन-चार एल्व्हमागे एक लँड कमी करा, बास.

मॅना कर्व्ह कसा आखायचा?

टेबलावर लँड बाजूला ठेवून उरलेली कार्डं किमतीनुसार रांगांत मांडा: एक, दोन, तीन, चार, पाच आणि वर. कोणत्या रांगेचा ढीग मोठा आहे ते एका नजरेत दिसतं. १९९६ मध्ये जे श्नायडर यांनी रचलेला आणि पॉल स्लाय यांनी अटलांटातल्या पात्रता स्पर्धेत खेळलेला लाल डेक याच विचारावर उभा होता. त्यातली बरीच कार्डं एकेकटी बघितली तर हसू येईल अशी होती. पण दर टर्नला मॅना पूर्ण वापरला जात होता. अशा डेकना अजूनही ‘स्लाय’ म्हणतात.

एकरंगी लाल आक्रमक डेकचा सांगाडा असा घेता येईल:

- लँड २२
- एक मॅनाचे क्रीचर १२
- दोन मॅनाचे क्रीचर ८
- तीन मॅनाचे क्रीचर ४
- एक मॅनाची डॅमेजची स्पेल ८
- दोन मॅनाची डॅमेजची स्पेल ४
- चार मॅनाचं काहीतरी वजनदार २

पहिल्या टर्नला क्रीचर आला नाही तर असा डेक लंगडतो, म्हणून एक मॅनाचे १२. आठ ठेवले की ६५%, बारा ठेवले की ८१% हातांत निदान एक असतो. रिमूव्हल आणि काउंटरस्पेल (समोरच्याचं स्पेल रद्द करणारं कार्ड) कर्व्हमध्ये छापील किमतीने मोजू नका. दोन मॅनाचं रिमूव्हल दुसऱ्याच टर्नला खेळायचं असतं असं नाही. ते बहुतेक वेळा पाचव्या टर्नला तीन मॅनाच्या क्रीचरसोबत पडतं.

किती रंग घ्यावेत?

पहिला डेक एकाचा, दुसरा दोनचा. तीन रंग लँड चांगल्या असतील तरच.

रंग मोजायचा म्हणजे तो रंग देणाऱ्या लँड मोजायच्या. पहिल्या ७ कार्डांत त्या रंगाची निदान एक लँड असण्याची शक्यता: ८ असतील तर ६५%, १० ला ७४%, १२ ला ८१%, १४ ला ८६%. दोन रंगांत १२-१२ बेसिक लँड घेऊन पहिल्याच टर्नला लाल मॅना हवा असलेला क्रीचर ठेवला, तर पाचातल्या एका डावात तो वेळेवर येत नाही. फ्रँक कार्स्टेन यांचे या विषयावरचे तक्ते प्रमाण मानले जातात. पहिल्या टर्नच्या एका रंगीत मॅनासाठी ते १४ लँड सांगतात, आणि दुसऱ्या टर्नला एकाच रंगाचे दोन मॅना हवे असतील, जसं काउंटरस्पेलला, तर वीसच्याही पुढे.

त्यामुळे दोन रंगांच्या डेकमध्ये दोन्हीकडची दुहेरी चिन्हांची स्वस्त कार्डं एकत्र ठेवू नका. एक रंग मुख्य माना, स्वस्त कार्डं त्यातून घ्या. दुसऱ्यातून एकाच रंगीत चिन्हाची, जरा उशिरा खेळायची कार्डं घ्या. टॅप होऊन येणाऱ्या लँड आक्रमक डेकमध्ये चारपेक्षा जास्त झाल्या की पहिल्या तीन टर्नमधला एक टर्न त्यांच्यावर जातो. कंट्रोल आठ-नऊही पचवतो.

सुरुवात कुठून करायची? आवडतं कार्ड की जिंकायची पद्धत?

पद्धत. आवडतं कार्ड घेतलं तरी एका वाक्यात सांगता आलं पाहिजे: ‘हा डेक पाचव्या टर्नपर्यंत छोट्या क्रीचरनी २० डॅमेज करतो’ किंवा ‘हा डेक सगळं मारतो, आणि सातव्या टर्ननंतर एका मोठ्या क्रीचरने संपवतो’. मग छत्तीस-अडतीस जागा भरताना प्रत्येक कार्डाला हे वाक्य लावा. लावता आलं नाही की ते बाहेर. पहिल्या वाक्याच्या डेकमध्ये सहा मॅनाचा ड्रॅगन आणि दुसऱ्यात एक मॅनाचा २/१ क्रीचर, दोन्ही परके.

डावात उतरल्यावरही हेच बघा: या जोडीत घाई कोणाला आहे? दोन आक्रमक डेक समोरासमोर आले की जो जरा धीमा आहे त्याने बचाव करायचा. दोघंही हल्ला करत राहिले की धीमा हरतो.

ड्राफ्टमध्ये काय बदलतं?

इथे पाकिटं फोडून, एकेक कार्ड निवडत तिथल्या तिथे डेक बांधायचा असतो. ४० कार्डं, साधारण १७ लँड, २३ स्पेल. त्यांत १५ ते १७ क्रीचर, दोन मॅनाचे पाच-सहा, पाच मॅनाच्या वरचं चारपेक्षा जास्त नको. तिसरा रंग हवाच असेल तर त्याच्या तीन लँड आणि जास्तीत जास्त दोन कार्डं, तीही उशिरा खेळायची. इथे साधा २/२ सुद्धा उपयोगी पडतो, रिमूव्हल कमी असल्यामुळे उडणारे क्रीचर फार चढतात, आणि ऑरा थोडे सुसह्य होतात. सेव्हन्टीनलँड्ससारख्या संकेतस्थळावर प्रत्येक कार्ड हातात आलेल्या डावांचं विजयाचं प्रमाण मिळतं. ते ५०% शी ताडू नका, तिथल्या सरासरीशी ताडा. तिथे नोंद ठेवणारे लोक मुळातच सरासरीपेक्षा जास्त जिंकतात. शिवाय आक्रमक डेकची कार्डं आकड्यांत फुगलेली दिसू शकतात. ती फक्त त्याच डेकमध्ये खेळली गेलेली असतात.

कमांडरमध्ये?

हा वेगळा फॉरमॅट आहे: १०० कार्डं, बेसिक लँड सोडून प्रत्येकी एक प्रत, ४० लाइफ, बहुधा चौघे. लँड ३६ ते ३८, मॅना वाढवणारी साधारण १०, कार्ड देणारी १०, एकेकट्याला मारणारी ८, स्वीपर ३, आणि उरलेला डेकचा विषय. तीन प्रतिस्पर्धी असल्यामुळे एकास एक रिमूव्हलची किंमत घसरते: तुमचं एक गेलं, एकाचं एक गेलं, बाकी दोघं फुकट पुढे. म्हणून रिमूव्हल खरंच धोकादायक गोष्टीसाठी राखा.

साइडबोर्डची १५ कार्डं कशी ठरवायची?

साइडबोर्ड म्हणजे सामन्यातल्या दोन डावांच्या मध्ये डेकमध्ये बदलून घेता येणारी कार्डं. ती ठरवा उलट दिशेने. ज्या पाच-सहा डेकशी गाठ पडेल असं वाटतं त्यांची यादी करा, आणि प्रत्येकाविरुद्ध तुमचे आदर्श ६० लिहून काढा. मुख्य डेकशी तुलना केली की किती कार्डं बाहेर जातात हे दिसतं. कंट्रोलविरुद्ध तुमचं सहा कार्डांचं क्रीचर रिमूव्हल निरुपयोगी असेल तर आत आणायला सहा हवीत. आठ आणलीत तर शेवटची दोन ठेवायला चांगली कार्डं काढावी लागतील. आत काय घ्यायचं हे सगळे ठरवतात, बाहेर काय जाणार हे कोणी लिहीत नाही, आणि टेबलावर बसल्यावर गडबड होते.

आक्रमक डेकने एका वेळी चार-पाचपेक्षा जास्त कार्डं बदलू नयेत. धार जाते.

मलिगन कधी घ्यायचा?

२०१९ पासूनच्या लंडन पद्धतीत दर वेळी सात उचलायची आणि जितके मलिगन घेतले तितकी कार्डं गड्डीच्या तळाशी ठेवायची. त्यामुळे सहाचा हात पूर्वीइतका वाईट राहिलेला नाही. एक लँड आणि सहा लँड परत. दोन लँडचा हात २४ लँडच्या डेकमध्ये: डाव समोरचा सुरू करणार असेल तर तिसऱ्या टर्नपर्यंत तिसरी लँड येण्याची शक्यता ८१%, तुम्ही सुरू करत असाल तर ६६%. हातात एक-दोन मॅनाची कार्डं असतील तर समोरचा सुरू करत असताना ठेवा. तुम्ही सुरू करत असाल आणि हात चार मॅनाच्या कार्डांनी भरलेला असेल तर परत करा. पाच लँड आणि दोन उत्तम स्पेल हा हात बहुधा ठेवण्यासारखाच असतो.

किती डाव खेळल्यावर डेक कळतो?

दहा डावांत सहा विजय याचा अर्थ जवळपास काहीच नाही. नाणं उडवूनही दहात सहा किंवा जास्त छापे ३८% वेळा पडतात. म्हणून विजय मोजण्यापेक्षा कारणं लिहा: हरताना हातात कोणती कार्डं उरली होती? कोणतं कार्ड उचलल्यावर कपाळाला आठ्या पडल्या? एकच नाव तीन-चारदा आलं की ते बाहेर. एका वेळी एक-दोनच कार्डं बदला. दहा बदललीत तर सुधारणा कशामुळे झाली ते समजणार नाही.

बेस्ट ऑफ थ्रीच्या सामन्यात साइडबोर्डविना एकच डाव असतो, उरलेले एक किंवा दोन साइडबोर्डनंतरचे. तरी सराव बहुतेक सगळे पहिल्या डावाचाच करतात. विकत घेण्याआधी कागदावर नाव लिहून घरी खेळून बघा. अधिकृत स्पर्धेत असे कागद चालत नाहीत.

जिंकलेल्या डेकची यादी जशीच्या तशी उचलणं वाईट आहे का?

अजिबात नाही, शिकण्याचा तो सगळ्यात झटपट मार्ग आहे. पहिल्या काही डावांत एकही कार्ड बदलू नका. प्रत्येक विचित्र आकड्यामागे कारण शोधा: तीनच का, हे एकच का, २५ वी लँड का? मात्र यादी त्या आठवड्यातल्या प्रतिस्पर्ध्यांसाठी लिहिलेली असते. तुमच्या दुकानात निम्मे लोक लाल आक्रमक डेक खेळत असतील तर साइडबोर्ड तुमच्या दुकानाचाच हवा.

अरेनावर खेळताना काही वेगळं?

अरेना म्हणजे या खेळाची संगणकावरची आवृत्ती. तिथल्या बेस्ट ऑफ वनमध्ये (एकाच डावाचा सामना) सुरुवातीचा हात लँडच्या प्रमाणाच्या जवळचा निवडला जातो, म्हणून तिथे एखादी लँड कमी चालते. तोच डेक कागदी कार्डांवर आणला की ती परत घाला. रेअर वाइल्डकार्ड (ज्याच्या बदल्यात हवं ते रेअर कार्ड घेता येतं) अर्धवट पाच डेकवर उधळू नका. एक डेक पूर्ण करा, आणि दोन रंग देणाऱ्या लँडना आधी पसंती द्या, कारण त्या पुढच्या डेकमध्येही लागतात.

पिसणं आणि कार्डं सांभाळणं यांचा डेकशी संबंध आहे का?

आहे. ओळीने ढीग घालणं म्हणजे पिसणं नव्हे, ती फक्त मोजणी. दोन स्पेल, एक लँड अशी विणून ठेवलेली गड्डी नीट पिसली तर विणण्याचा उपयोग नाही, आणि पिसली नाही तर ती फसवणूक. रिफल पद्धतीने (गड्डीचे दोन भाग करून ते एकमेकांत गुंफून) सात वेळा पिसा. ५२ पत्त्यांसाठी सात पुरेत हे बेयर आणि डायकोनिस यांनी १९९२ मध्ये दाखवलं. साठांसाठी एखादा जास्तच करा.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात फॉइल कार्डं दमट हवेने वाकतात, आणि वाकलेलं कार्ड पिसलेल्या गड्डीत पाठीवरून ओळखू येतं. स्पर्धेत ते खुणेचं कार्ड ठरू शकतं. डेकमध्ये तेच कार्ड साधं मिळत असेल तर साधं वापरा. डबा बंद, आत सिलिका जेलची पुडी, आणि मुख्य डेक व साइडबोर्ड मिळून ७५ च्या ७५ कार्डांना एकाच पाकिटातले स्लीव्ह (प्लॅस्टिकची आवरणं). कार्ड ६३ × ८८ मिलिमीटरचं असतं. त्यासाठी ६६ × ९१ चे ‘स्टँडर्ड’ स्लीव्ह मागा, लहान आकाराचे ‘जॅपनीज’ नकोत. शंभरचं पाकीट घ्या. फाटतात तेव्हा त्याच रंगाचे जादा हाताशी लागतात.